शिकाऱ्यांनी वाढवलेली रानडुकरं

2004 सालच्या जून महिन्यात जॉर्जिया राज्यातल्या अलापाहा या खेड्यात एका माणसानं डुक्कर मारलं. शिकारीसाठी राखलेलं खासगी रान होतं, मारणारा तिथलाच नोकर. डुक्कर एवढं मोठं की माती खणायच्या यंत्राला टांगून फोटो काढावा लागला. शेजारी माणूस उभा केला, एकच फोटो काढला आणि मालकानं ते धूड तिथंच पुरून टाकलं. लांबी बारा फूट, वजन हजार पौंड, असं मालक सांगायचा. हजार पौंड म्हणजे साडेचारशे किलो. फोटो जगभर फिरला, ‘हॉगझिला’ असं बारसं झालं, त्या वर्षीच्या गावजत्रेच्या मिरवणुकीत त्याच्याच नावाचा गजर झाला. फोटोत काहीतरी करामत आहे, असं म्हणणारेही होतेच. शेवटी ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या लोकांनी खड्डा उकरून सडलेलं डुक्कर बाहेर काढलं. हाडं मोजली, नमुने घेतले आणि 2005 मध्ये निकाल सांगितला: लांबी आठ फुटांच्या आसपास, वजन आठशे पौंडांच्या आसपास. मालकानं थापा मारल्या होत्या, पण फार नाही. खरी गंमत डीएनएत होती. ते निव्वळ रानडुक्कर नव्हतंच. त्याच्या रक्तात युरोपातलं रानडुक्कर होतं आणि हॅम्पशायर ही अगदी साधी, फार्मवर पाळतात ती काळी, खांद्यावर पांढरा पट्टा असलेली जातही होती.

तीन वर्षांनी अलाबामात एका अकरा वर्षांच्या मुलानं पिस्तुलानं याहूनही मोठं डुक्कर मारल्याची बातमी आली. वजन 1,051 पौंड. पुन्हा फोटो, पुन्हा जगभर बोभाटा. काही दिवसांनी एक शेतकरी पुढे आला आणि म्हणाला, हा तर आमचा फ्रेड! बायकोला नाताळची भेट म्हणून आणलेलं पिल्लू वाढून एवढं झालं होतं. नातवंडांशी खेळायचं, रताळी आवडीनं खायचं. शिकारीच्या चार दिवस आधी त्यानं ते त्या कुंपणबंद रानाच्या चालकांना विकलं होतं.

लोक या दोन्ही गोष्टी हसत हसत सांगतात. मला त्यात अख्ख्या प्रकरणाची मेख दिसते. अमेरिकेत आज साठेक लाख डुकरं मोकळी फिरतात, निदान पस्तीस राज्यांत. तिथलं कृषी खातं वर्षाचं नुकसान दीड अब्ज डॉलर धरत आलं, अलीकडचे अंदाज त्याहूनही वरचे आहेत. त्यातलं एकही डुक्कर त्या खंडाचं मूळ रहिवासी नाही. माणसानं ते नेलं, शेतकऱ्यानं त्याला मोठ्या वेतांची देणगी दिली आणि शिकाऱ्यानं सुळे दिले, शिवाय नवनवा मुलूखही दिला. ‘शिकार करा, डुकरं आटोक्यात येतील’ असं टेक्सासात जो भेटेल तो सांगतो. मी जितकं पाहिलं आणि वाचलं, त्यात मला उलटंच दिसत गेलं. शिकारीची हौस नसती तर ही डुकरं एवढ्या राज्यांत कधीच पोचली नसती.

*

सुरुवात अर्थातच शिकारीपासून झाली नाही. कोलंबस 1493 मध्ये दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा वाटेत कॅनरी बेटांवरून त्यानं आठ डुकरं घेतली आणि कॅरिबियनमध्ये उतरवली. 1539 मध्ये एर्नांदो दे सोतो फ्लोरिडात उतरला, तो तेरा डुकरिणी घेऊन. चालतंबोलतं कोठार म्हणूनच त्यानं त्या आणल्या होत्या. सैन्य पुढे, डुकरं मागे, अशी ती यात्रा तीन वर्षं दलदली आणि जंगलं तुडवत फिरली. 1542 मध्ये मिसिसिपीच्या काठी दे सोतो तापानं मेला, तेव्हा सोबतच्यांनी त्याच्या मालमत्तेचा लिलाव केला. त्या यादीत चार गुलाम होते, तीन घोडे होते आणि सातशे डुकरं होती. वाटेत खाल्लेली, रेड इंडियनांनी पळवलेली आणि रानात गेलेली वेगळीच.

पुढची साडेतीनशे वर्षं दक्षिणेकडच्या राज्यांत डुकरं पाळायची रीत म्हणजे ती सोडून देण्याचीच रीत होती. कुंपण घालायचं ते पिकाला, जनावराला नाही. वसंतात डुकरं डोंगरात सोडायची, ती ओकची आणि चेस्टनटची फळं खाऊन तट्ट फुगायची, थंडी पडली की कुत्री घेऊन जायचं आणि सापडतील तेवढी आणायची. कोणतं कोणाचं हे कळावं म्हणून कानाला खाचा पाडत. प्रत्येक घराची खाच वेगळी आणि ती सरकारदरबारी नोंदवलेली. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या हॅटफिल्ड आणि मॅकॉय घराण्यांचं वैर अमेरिकेत प्रसिद्ध आहे. त्या वैरात 1878 चा एक खटला होता, तो अशाच एका डुकराच्या कानावरच्या खाचेवरून. जी डुकरं हाती लागली नाहीत ती रानटी झाली. पण हाडामासानं ती गावडुकरंच होती: सडपातळ, लांब नाकाडाची, पाठीवर राठ केसांची.

या डुकरांचं एक जुनं कूळ जॉर्जियाच्या किनाऱ्यालगत ओसाबा बेटावर टिकलं. स्पॅनिश लोकांनी सोडलेली ही डुकरं पिढ्यान्‌पिढ्या बेटावर राहून ठेंगणी झाली. कधी सुकाळ, कधी उपास, अशा आयुष्यामुळे अंगात चरबी साठवण्यात पटाईत. म्हणून मधुमेहावरच्या संशोधनात त्यांना आज मोठी मागणी आहे. हा सगळा काळ म्हणजे गरजेपोटी मोकाट सोडलेल्या डुकरांचा काळ. त्यांच्यामुळे पिकांचं थोडंफार नुकसान होत असे, पण राष्ट्रीय संकट म्हणावं असं काही नव्हतं.

गोष्टीला वळण लागलं ते हौसेनं. 1912 मध्ये जॉर्ज गॉर्डन मूर नावाच्या एका पैसेवाल्या उद्योगी गृहस्थानं नॉर्थ कॅरोलिनातल्या हूपर बाल्ड या डोंगरमाथ्यावर श्रीमंत पाहुण्यांसाठी शिकारखाना उभारला. गवे आणले, हरणं आणली, अस्वलं आणली. बर्लिनच्या व्यापाऱ्यामार्फत डझनभर रानडुकरंही मागवली. आगबोटीनं, मग रेल्वेनं, मग बैलगाड्यांवर पिंजरे चढवून ती डोंगरावर पोचली. त्यांना ठेवायला चेस्टनटच्या ओंडक्यांचं कुंपण. पाहुणे फारसे आलेच नाहीत, मूरचा जीवही त्यातून उडाला. डुकरं मात्र आठ-दहा वर्षं तिथं सुखात वाढली. 1920 च्या सुमारास कुत्री घेऊन मोठी शिकार ठरली. डुकरांनी कुत्र्यांना फाडलं, मुसंडी मारून कुंपण मोडलं आणि डोंगर गाठले.

डोंगरात त्यांची गाठ पडली ती कानाला खाचा असलेल्या, किंवा नसलेल्या, गावडुकरांशी. स्थानिक लोक या नव्या पाहुण्यांना ‘रूशियन’ म्हणू लागले. आजही टेनेसीतला शिकारी ‘आमच्याकडे अस्सल रशियन आहे’ असं छाती फुगवून सांगतो. ते रशियातून आले होते की जर्मनीतून, याचा पत्ता नाही, पण नावाचा दिमाख टिकला. पुढे मूर कॅलिफोर्नियात गेला, तर तिथंही कार्मेल खोऱ्यातल्या आपल्या जमिनीवर त्यानं हीच डुकरं नेली. तिथं मिशनऱ्यांच्या काळापासूनची मोकाट डुकरं होतीच. टेक्सासात 1930 च्या दशकात काही रँचमालकांनी असाच उद्योग केला. ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या राष्ट्रीय उद्यानात हूपर बाल्डचे वंशज 1940 च्या दशकात शिरले. उद्यानाचे लोक 1959 पासून ती मारताहेत आणि अजून मारताहेत.

*

शास्त्राच्या दृष्टीनं रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर ही एकच जात. माणसानं रानडुकराला निरनिराळ्या ठिकाणी माणसाळवलं. अनातोलियात आणि चीनमध्ये तर स्वतंत्रपणे, जवळजवळ दहा हजार वर्षांपूर्वी. तरी फरक पडलाच. पश्चिम युरोपातल्या रानडुकराच्या पेशीत गुणसूत्रं 36, पाळीव डुकराच्या पेशीत 38. रानडुकरात दोन गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींना चिकटून एक झाल्या आहेत. संकर झाला की पिल्लाला 37 मिळतात. घोडा आणि गाढव यांच्या खेचराचा न्याय इथं लागू पडत नाही. ही 37 वाली पिल्लं वांझ नसतात, मजेत वितात आणि त्यांची पिल्लंही वितात.

स्वभावाचा फरक जास्त महत्त्वाचा. युरोपातली रानडुकरीण साधारण वर्षातून एकदा, ठरावीक ऋतूत विते आणि चार ते सहा पिल्लं देते. फार्मवरची डुकरीण बारमाही माजावर येते आणि तिला दहा-बारा पिल्लं सहज होतात. माणसानं शेकडो वर्षं निवड केली ती यासाठीच. गर्भकाळ तोच: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. आता रानडुकराचं अंग, त्याचं नाक, त्याचा संशयी स्वभाव आणि थंडी सोसायची ताकद घ्या, आणि त्यात फार्मच्या डुकरिणीची कूस घाला. सात-आठ महिन्यांची मादी गाभण राहू शकते. कोल्हे, कायोटी, अस्वलं पिल्लं उचलतात, पण भरल्या अंगाच्या डुकरावर चालून जाईल असा लांडगा दक्षिणेत उरलेला नाही.

हे मिश्रण किती खोलवर गेलं आहे हे 2020 मध्ये कळलं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले टिमोथी स्मायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या साडेसहा हजारांहून जास्त मोकाट डुकरांचा डीएनए तपासला. 97 टक्के डुकरं संकरित निघाली, रानडुक्कर आणि पाळीव दोन्हींच्या रक्ताची. आणि पाळीव बाजू आजच्या कारखानदारी फार्मवरच्या गुलाबी डुकरांची नव्हती, जुन्या गावठी वाणांची होती. म्हणजे कालपरवा फार्मवरून पळालेल्या डुकरांनी अमेरिका व्यापलेली नाही. जुनीच मिश्र कुळं नव्या मुलखात पसरत आहेत. प्रश्न असा उरतो, की ती पसरतात कशी? डुकरिणींचा कळप फार लांब भटकत नाही. पाणी आणि खाणं असेल तर काही किलोमीटरांच्या टापूत आयुष्य काढतो. मग शेकडो किलोमीटर दूर, मधल्या कुठल्याही काउंटीत एकही डुक्कर दिसलेलं नसताना, अचानक नवा कळप उगवतो. आणि त्याचा डीएनए जुळतो तो दोन राज्यं पलीकडच्या डुकरांशी.

पिकअप ट्रकनं. दुसरं उत्तर नाही.

*

माझा मावसभाऊ, आमचा दादा, ऑस्टिनच्या बाहेरच्या एका वसाहतीत राहतो. त्यांच्या बागेची हिरवळ एका रात्रीत नांगर फिरवल्यासारखी झाली, तेव्हा सोसायटीनं सापळे लावणाऱ्याला बोलावलं. त्या माणसाशी दादाची ओळख झाली आणि त्याच्या ओळखीनं आम्ही मध्य टेक्सासातल्या एका रँचवर गेलो. मालक सत्तरीचा. गायी आहेत, थोडी मक्याची शेती आहे आणि हरणांच्या हंगामात शिकाऱ्यांना जमीन भाड्यानं देतो. टेक्सासची पंच्याण्णव टक्के जमीन खासगी आहे, त्यामुळे शिकार म्हणजे कोणाच्या तरी मालकीच्या फाटकातून आत जाणं आलंच.

गोठ्यामागे प्लॅस्टिकचं एक पिंप होतं. मालकानं झाकण उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरलो. मका, पाणी, साखर, यीस्ट आणि वर स्ट्रॉबेरी जेलीची दोन पाकिटं, असं आठवडाभर आंबवलेलं. आंबट, गोड आणि कुजका, तिन्ही वास एकाच वेळी नाकात शिरतात. साधा मका टाकला तर हरणं खाऊन जातात. या वासाला ती फिरकत नाहीत. डुकरं मात्र दोन मैलांवरून येतात, असं मालक म्हणाला. डुकराच्या नाकाबद्दल मी वाचलेलं आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही.

सापळा म्हणजे पाच फूट उंच जाळीचा मोठा गोल, एका बाजूला वरून खाली पडणारं दार. दोनेक आठवडे दार उघडं ठेवायचं आणि रोज मका टाकायचा. आधी पिल्लं धीट होतात, मग तरुण डुकरं, सगळ्यात शेवटी कळपाची म्हातारी डुकरीण. झाडावरच्या कॅमेऱ्यातून चित्र फोनवर येतं. सगळेच्या सगळे आत गेल्याशिवाय बटण दाबायचं नाही. एक जरी बाहेर राहिलं तरी ते जन्मभर सापळ्याला फसत नाही आणि इतरांनाही फसू देत नाही. त्या रात्री मालक आरामखुर्चीत फोन घेऊन बसला होता. साडेतीनच्या सुमारास त्यानं बटण दाबलं आणि झोपायला गेला.

सकाळी पाहिलं तर आत चौदा. दादा म्हणाला, “फोटो काढ, पण जाळीला हात लावू नकोस.” लावायची हिंमत नव्हतीच. धडका मारून मारून जाळी बाहेर फुगली होती. सगळ्यात मोठी डुकरीण काळी, आणि खांद्याभोवती पांढरा पट्टा. हॅम्पशायर, मी मनात म्हणालो. तिची पिल्लं पाहिली तर दोन काळी, एक तांबूस, एक ठिपक्यांचं, आणि दोघांच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत पिवळट आणि तपकिरी पट्टे. हे पट्टे रानडुकराच्या पिल्लांना असतात, गावडुकराच्या पिल्लांना नसतात. पाचशे वर्षांचा सगळा हिशेब एकाच वेतात मांडलेला होता. नंतर जे झालं ते पटकन झालं. बंदूक लहान होती आणि माणसाचा हात सराईत होता.

दुपारी आम्ही एका नराचं कातडं सोलताना पाहिलं. तो आदल्या रात्री वेगळ्या जागी गोळीनं मारलेला. खांद्यावर आलं की सुरी अडते. कातड्याखाली बोटभर जाडीचा, कुर्चेसारखा टणक थर असतो, ढालच म्हणतात त्याला. नर एकमेकांशी झुंजताना सुळे याच जागी मारतात, म्हणून वयाबरोबर ती जाड होत जाते. सोलणाऱ्यानं दोनदा सुरीला धार लावली. शिकारी म्हणे या ढालीवरूनच ‘रशियन’ ओळखतात. पण ढाल संकरित नरालाही येते आणि गावडुकराच्या नरालाही येते. थोडी झुंज आणि थोडं वय पुरे.

मालकाला मी विचारलं, सापळ्यात मोठा सुळेवाला नर आला तर? म्हणाला, “तो सोडून देतो.” सुळ्याच्या नरासाठी डॅलसचे लोक रात्री दुर्बीण लावलेली बंदूक घेऊन येतात आणि रोख पैसे देतात. शिवाय डुकरिणीला गोळी घातली तर गिऱ्हाइकाला भिंतीवर काय टांगायचं?

मला वाटतं, त्यानं सहज बोलता बोलता सगळं सांगून टाकलं होतं.

*

टेक्सासात डुकराच्या शिकारीला ऋतू नाही, मर्यादा नाही, दिवस-रात्रीचं बंधन नाही. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर 2019 पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. 2011 च्या कायद्यानं हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला आलेल्या हौशी गिऱ्हाइकांकडून पैसे घेण्याची मुभा दिली आणि त्यावर एक धंदाच उभा राहिला. 2017 मध्ये गरम हवेच्या फुग्यातूनही मारायला परवानगी मिळाली. फुग्यातून डुक्कर मारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही, पण विधानसभेनं वेळ काढून तो कायदा केला. कुत्र्यांची शिकार वेगळी. भुंकून अडवणारी कुत्री पुढे धावतात, डुक्कर घेरलं की जाड जाकीट घातलेला दांडगा पिटबुल सोडतात, तो कान धरतो आणि माणूस सुरा घेऊन आत शिरतो. आपल्याकडे कोकणात हाका घालतात, इकडे हाका नाही. एकटा-दुकटा माणूस, कुत्री आणि पिकअप.

एवढं करूनही डुकरं कमी होत नाहीत. टेक्सासच्या तज्ज्ञांचा हिशेब असा, की संख्या आहे तिथंच ठेवायची तर दर वर्षी तीन डुकरांपैकी दोन मारावी लागतील. बंदुकीनं त्याच्या जवळपासही पोचता येत नाही. कळपातली दोन पडली की बाकीची पांगतात, रात्रीची होतात, शेजारच्या जमिनीत जातात. आणि हरणांसाठी जागोजागी टांगलेल्या मक्याच्या डब्यांतून त्यांना फुकट जेवण मिळत राहतं, ते वेगळंच.

भुईमूग लावणारा शेतकरी या सगळ्याकडे कसं बघत असेल, याची कल्पना आपल्याकडच्या वाचकाला द्यायला नको. पेरलेली ओळ वासानं ओळखून डुक्कर एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत दाणा न् दाणा उकरून खातं. कोकणात भात आणि देशावर ऊस, ज्वारी, भुईमूग याच पद्धतीनं जातो. पण आपलं रानडुक्कर मूळचं इथलं आहे, वाघ-बिबट्याचं ते अन्न आहे आणि 1972 च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे. काही राज्यांनी त्याला ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी ठरवून घेतलं, 2015-16 मध्ये बिहार आणि उत्तराखंडानं तसं केलं. चोरून लावलेल्या फासक्यांत डुकराऐवजी बिबट्या अडकल्याच्या बातम्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून दर वर्षी येतात. आपला प्रश्न कठीण आहे, पण वेगळा आहे. आपल्याकडे कोणी हौसेसाठी डुकरं गाडीत घालून दुसऱ्या जिल्ह्यात सोडत नाही.

टेनेसीत सोडतात. 1999 मध्ये त्या राज्यानं डुकरं कमी करावी म्हणून सगळीकडे, कितीही मारा, अशी मोकळी शिकार जाहीर केली. मग झालं ते असं. ज्या भागात डुकरं नव्हती तिथल्या हौशी लोकांनाही घराजवळ शिकार हवीशी झाली, आणि त्यांनी ती आणून सोडली. आधी पूर्वेच्या डोंगराळ काउंटींपुरती असलेली डुकरं 2011 पर्यंत ऐंशीच्या घरात काउंटींत पोचली. राज्यात एकूण काउंटी 95. राज्याच्या वन्यजीव खात्यानं स्वतःच हे कबूल करून त्या वर्षी धोरण फिरवलं आणि डुकराची सार्वजनिक शिकार बंद केली. कॅन्ससनं 2006 मध्येच हौशी शिकार बंद केली होती. मिसुरीनं 2016 मध्ये आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनींवर बंद केली. शिकाऱ्यांनी बराच आरडाओरडा केला, पण सापळ्यांनी काम केलं. न्यूयॉर्क राज्यात युरोपीय रानडुकरं शिकारखान्यांतून निसटून रानात आली होती. 2014 मध्ये राज्यानं त्यांच्या शिकारीवर बंदी घातली, पुढे ती पाळण्यावरही घातली, आणि 2016 मध्ये राज्य डुक्करमुक्त जाहीर केलं. डुक्कर संपवायचं तर त्याची शिकार बंद करा, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण जिथं डुकराची किंमत शून्य झाली तिथून ते गेलं.

किंमत किती पक्की बसली आहे हे टेक्सासनं 2017 मध्ये दाखवून दिलं. फेब्रुवारीत राज्याचे कृषी आयुक्त सिड मिलर यांनी ‘कापुट’ नावाच्या विषाला परवानगी जाहीर केली. त्यात वॉर्फरिन आहे, उंदराच्या औषधातलं आणि हृदयरोग्यांच्या गोळीतलंही. खाल्लेल्या डुकराची चरबी निळी पडावी म्हणून त्यात रंग घातलेला, म्हणजे सोलणाऱ्याला लगेच कळेल. मिलर यांनी याला डुकरांचा प्रलय म्हटलं. बोंब मारली ती प्राणिप्रेमींनी कमी, शिकाऱ्यांनी आणि डुकराचं मांस विकणाऱ्यांनी जास्त. टेक्सासात जिवंत डुकरं विकत घेणारी केंद्रं आहेत, तपासणीखालचे कत्तलखाने आहेत, तिथून ‘वाइल्ड बोअर’ म्हणून मांस हॉटेलांत आणि परदेशी जातं. निळी चरबी निघाली तर तो धंदाच बसणार. एका मांस कंपनीनं कोर्टातून स्थगिती आणली आणि एप्रिलमध्ये उत्पादकानं माघार घेतली. ते विष टेक्सासात पुन्हा यायला 2024 उजाडलं. सात वर्षं डुकरं वीत राहिली.

कॅनडाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल, कारण ती तीच आहे. 1980 आणि 90 च्या दशकांत शेतीला जोडधंदा म्हणून युरोपातून रानडुकरं आणली, मांस भरावं म्हणून मुद्दाम पाळीव डुकराशी संकर केला, आणि 2001 नंतर बाजार पडल्यावर कित्येकांनी फाटकं उघडली. उणे चाळीस अंशांत ती मरतील अशी समजूत होती. ती बर्फाखाली लव्हाळ्यांच्या बोगद्यांत बसून वाफाळत राहिली. सस्कॅचवान विद्यापीठातले रायन ब्रूक यांनी ही ‘सुपर पिग’ वर्षानुवर्षं नकाशावर टिपली आहेत. संकरित डुक्कर अंगानं मोठं असल्यामुळे थंडी उलट जास्त सोसतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

या सगळ्यावर रोगांची टांगती तलवार आहे. 2006 मध्ये कॅलिफोर्नियातला पालक खाऊन दोनशेहून जास्त लोक आजारी पडले, काही मेले. ज्यामुळे हे झालं तो ई. कोलाय जिवाणूचा वाण शेताजवळच्या गुरांच्या आणि मोकाट डुकरांच्या विष्ठेत सापडला. आफ्रिकन स्वाइन फीव्हर 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आला तेव्हा तिथले डुकरांचे गोठे रिकामे होताना लोकांनी पाहिले. डेन्मार्कनं त्याच रोगाच्या भीतीनं 2019 मध्ये जर्मनीच्या सीमेवर सत्तर किलोमीटरचं कुंपण घातलं, फक्त रानडुकरांसाठी. 2021 च्या जुलैत तो डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडला, फ्लोरिडापासून फार लांब नाही. तो अमेरिकेच्या मोकाट डुकरांत शिरला तर फार्मवरच्या कोट्यवधी डुकरांचं काय, या विचारानं कृषी खात्याची झोप उडालेली आहे. 2014 पासून चाललेल्या राष्ट्रीय डुक्कर मोहिमेला पैसे मिळतात त्यामागे ही भीती पिकांच्या नुकसानीइतकीच आहे.

एक शिकारखाना मी मुद्दाम मागे ठेवला होता. हूपर बाल्डच्याही वीस-बावीस वर्षं आधी ऑस्टिन कॉर्बिन या बँकर-रेल्वेवाल्यानं न्यू हॅम्पशायरमध्ये वीस हजार एकरांहून मोठ्या रानाला कुंपण घातलं आणि त्यात युरोपातली रानडुकरं सोडली. ते कॉर्बिन पार्क आजही आहे, एका खासगी क्लबच्या मालकीचं. सभासद मोजके, प्रवेश फक्त त्यांना. आत डुकरं आहेत आणि त्यांची शिकार चालते. हिवाळ्यात झाड पडून कुंपण वाकलं की एखादं बाहेर पडतं आणि आजूबाजूच्या शेतात दिसतं. त्या राज्याच्या कायद्यानं असं पळालेलं डुक्कर पार्कचीच मालमत्ता असतं. त्यानं केलेलं नुकसान पार्कनं भरायचं, आणि दुसऱ्या कोणाला ते मारायचं असेल तर आधी पार्कची परवानगी घ्यायची.